गुरुवारी बिघडणारा कॉम्प्युटर

"सर, ह्यो चावतोय!"

इलाहीनं हात झटकला आणि तो उडी मारून मागं सरला. त्याच क्षणी पडदा काळा झाला, पेटीतून 'टीं' असा बारीक आवाज आला आणि कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागला.

इलाही मुलाणी म्हणजे सातवीतला सगळ्यात धीट मुलगा. दगड उलथून विंचवाची नांगी चिमटीत धरून दाखवायचा. तो घाबरला म्हणजे काहीतरी होतंच.

"काय झालं रे?"

"कोपऱ्याला हात लागला, सर. पार कोपरापातुर झिणझिण्या आल्या."

"बघू, बघू," करत आणखी चार हात पुढं आले. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पिन उपसली आणि मगच मुलांना रागावलो. विजेपुढं क्रम चुकवायचा नसतो. रागवायला नंतर वेळ असतो.

ही दोन हजार चार सालच्या मार्चमधली गोष्ट. आटपाडीच्या पलीकडच्या कुरणवाडीच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. तिथं बदलून येऊन मला दोन वर्षं झाली होती. त्या गावातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, पार केरळ-बंगालपर्यंत पांगलेली. त्यातल्याच एकानं कोइमतूरच्या आपल्या पेढीवरचा जुना कॉम्प्युटर सत्त्याण्णव साली शाळेला दिला होता. शाळेत आला तेव्हाच तो म्हातारा होता. पिवळट पडलेली पेटी, ट्रंकेएवढा खोल पडदा. चालू केला की आतला पंखा घुमायचा आणि हार्डडिस्क सुपारी कातरल्यासारखी कटकट करायची. पण शाळेत तो एकटाच होता, आणि त्याच्या पोटात एक मोलाची गोष्ट होती.

ती म्हणजे पावसाची नोंद. माझ्या आधीच्या सरांनी ती सुरू केली होती. रोज सकाळी आठ वाजता सातवीतल्या कुणीतरी मैदानातल्या पर्जन्यमापकात किती पाणी साठलंय ते बघायचं आणि आकडा कॉम्प्युटरात टाकायचा. सात वर्षं, सात तुकड्या, एकही दिवस चुकलेला नाही. आता कुरणवाडीचा पाऊस तो काय? शून्य, शून्य, शून्य, चार मिलिमीटर, पुन्हा शून्य. परक्या माणसाला हसू आलं असतं. पण ती शून्यं मुलांनी रोज चालत येऊन बघितलेली होती. जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. फ्लॉपीचा कप्पा बिघडून वर्ष झालं होतं. म्हणजे ती सात वर्षं आता फक्त त्या पेटीत उरली होती.

यंदाची नोंद वैजंता कोळेकरकडं होती. चार वर्षांपूर्वी हेच काम तिच्या थोरल्या भावाकडं होतं; तो आता कोचीला गलाईच्या दुकानात राबत होता. त्यानं एका दिवसात एकसष्ट मिलिमीटर पाऊस नोंदवला होता. शाळेतला सगळ्यात मोठा आकडा तोच. वैजंता अधूनमधून त्या तारखेपर्यंत मागं जाऊन तो आकडा नुसता बघून यायची.

बातमी मुख्याध्यापिकांच्या कानावर जायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"लिगाडे सर," कुंभार बाई दारातूनच म्हणाल्या, "पोरांना शॉक बसतोय, आणि तुम्ही अजून ते बुजगावणं तिथंच ठेवलंय?"

"बाई, त्यात सात वर्षांचा पाऊस आहे."

"पाऊस? कुरणवाडीचा?" बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे बघा. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मोडक्या बाकांसाठी भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. तोवर दुरुस्त झाला तर ठीक. नाही तर बाकांबरोबर तोही जाईल. आणि तोपर्यंत एकाही पोराचा हात त्याला लागता कामा नये. उद्या काही झालं, तर त्याच्या आईला काय सांगू? पाऊस मोजत होता म्हणून?"

बाईंचं काही चुकत नव्हतं. मी होय म्हणालो. बारा दिवस होते.

बाई गेल्यावर मी पाहिलं, वैजंता बंद पडद्यासमोर उभी होती.

"सर, नीट होईल ना?"

"बिघाड म्हणजे काही भूत नव्हे," मी म्हणालो. "त्याला काहीतरी सवय असते. आपण नुसती त्याची सवय ओळखायची."

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. तेव्हा माझं असंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. मुलं लाकडी बाकांवर, हात मांडीवर. मी रबरी चपला घालून यंत्रापाशी. मुलांना मी एकच नियम सांगितला होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र सुधारलं, तर कशामुळं सुधारलं ते कळायचं नाही. मग दोन्हींपैकी एकीला उगीच श्रेय.

पहिल्यांदा वायर बदलली. तरी पेटीला टेस्टर लावला की टेस्टरातला छोटा दिवा लाल पेटायचा. मग स्टॅबिलायझर काढून बघितला. तसंच. पेटी उघडली, आतली सात वर्षांची धूळ हलक्या ब्रशनं काढली. एक पाल निघाली, वाळलेली. तिला मुलांनी मोठ्या मानानं काडेपेटीत ठेवलं. बिघाड होता तसाच. मग भिंतीवरचं सॉकेट खोललं. तीन भोकं, तीन वायरी. वरच्या मोठ्या भोकाची हिरवी वायर जागेवर, स्क्रू घट्ट.

"ही हिरवी कशाला असते, सर?" इलाहीनं विचारलं.

"अर्थिंग. यंत्राच्या अंगावर आलेली वीज तिच्यातून जमिनीत निघून जाते. मग माणसाला धक्का बसत नाही."

"मग मला कसा बसला?"

"म्हणूनच म्हणतो, यंत्राच्या आतच काहीतरी गळतंय."

मी सॉकेट पुन्हा बंद केलं. ती हिरवी वायर भिंतीत शिरत होती. पुढं कुठं जाते ते मी पाहिलं नाही. वायर आहे म्हणजे अर्थिंग आहे, एवढं मला पुरलं.

त्याच वेळी गेनूमामा चहाचे कप घेऊन आले. गेनूमामा आमचे शिपाई. साठीला टेकलेले, डोक्याला लाल पटका. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता आणि मामांचा टोला मिनिटानंसुद्धा चुकत नसे; गावातले दुकानदार त्यावर घड्याळं लावत.

"मशीन आजारी हाय का, सर?" त्यांनी कप ठेवत विचारलं.

"हं."

"म्या म्हनतो, सर, एकदा त्ये मागल्या बाजूला..."

"मामा, नंतर. आत्ता डोकं चालू द्या."

मामा मान हलवून निघून गेले. खरं तर जानेवारीपासून ते माझ्याशी मोजकंच बोलायचे. त्याला कारण होतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. शाळेला दोन पिंपं मिळायची, त्यात दोनशे मुलं. अशा वेळी मी एकदा पाहिलं, गेनूमामा शाळेच्या पिंपातून बादली भरून मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि सगळी बादली ओतून आले. तिथं ना झाड, ना रोप. एक चपटा दगड, त्यावर हळदी-कुंकवाचे जुने पट्टे आणि एक वाळकं झेंडूचं फूल. चौकशी केली तर कळलं, मामा रोज ओततात. कित्येक वर्षं.

मी विज्ञानाचा शिक्षक. जादूटोण्याविरुद्ध गावोगाव प्रयोग करून दाखवणारा. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्या शाळेसमोर बोललो. मुलांना प्यायला पाणी नाही, आणि आपल्याच शाळेत दगडाला रोज आंघोळ घातली जाते, हा कुठला देव, याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणायचं का! मुलं खो खो हसली. मामा घंटेजवळ उभे होते. "सर, त्यो देव न्हवं, त्ये..." असं काहीतरी त्यांनी म्हणायला सुरुवात केली होती. मी हात वर केला. "मामा, उद्यापासून शाळेच्या पिंपातला एक थेंबसुद्धा तिकडं जाता कामा नये." ते "बरं" म्हणाले. त्या दिवशी बाईंनीही माझं कौतुक केलं होतं.

असो. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त कॉम्प्युटर होता.

गुरुवारी विट्याहून माझ्या ओळखीचा दुरुस्तीवाला आला. त्यानं पॉवर सप्लायचा डबा काढून दुसरा चांगला डबा बसवला. टेस्टर लावला. दिवा आधीसारखाच लाल. त्यानं प्रिंटर सुरू केला मात्र, पडदा पुन्हा काळा, पुन्हा 'टीं'.

"गुरुजी, डबा नवा, वायर नवी," तो डोकं खाजवत म्हणाला. "तुमच्या खोलीलाच काहीतरी झपाटलंय बघा."

मुलांसमोर तो असं बोलला याचाच मला जास्त राग आला.

तो गेल्यावर वैजंतानं हात वर केला. "सर, तुम्ही म्हणाला होता, बिघाडाला सवय असते."

"होय."

"मग आपण पावसासारखीच त्याचीपण नोंद ठेवू या का? रोज ठरल्या वेळेला बघायचं."

मला स्वतःला हे सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "घे वही."

दिवसातून पाच वेळा मी यंत्र सुरू करायचो, पेटीला टेस्टर लावायचो, प्रिंटरवर एक ओळ छापून बघायचो आणि मग बंद करायचो. मुलं दारात उभं राहून लिहायची. तारीख, वेळ, टेस्टर लख्ख की मंद की विझलेला, यंत्र दगा देतं की नाही. इलाही टेस्टरचा उजेड जाहीर करायचा, अगदी कुस्तीच्या फडातल्या पुकाऱ्यासारखा: "सकाळी आठ! लख्ख! पडलं!"

पाच-सहा दिवसांतच वही बोलायला लागली. सकाळी आठला लख्ख. दहाला लख्ख. बाराला लख्ख. दोनला मंद, आणि यंत्र नीट चालतं. चारलाही मंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी लख्ख.

"ते सकाळी नाराज असतं, दुपारी खूश होतं," इलाही म्हणाला. "आमच्या आज्ज्यासारखं. जेवल्याबिगर बोलत न्हाई."

सगळे हसले. मी उन्हाचा विचार केला, विजेच्या दाबाचा केला, दुपारी गावातल्या विहिरींवरच्या मोटारी बंद असतात त्याचा केला. मीटर आणून दाब मोजला; सकाळ-दुपारमध्ये फरक नव्हता. मनातून मी हरखलो होतो. कोडं सुटत नसेल, पण त्याला आकार आला होता.

मग दुसरा गुरुवार आला आणि सगळं विस्कटलं. आठला लख्ख, दोनला लख्ख, चारला लख्ख. यंत्र दिवसभर पडत राहिलं.

शुक्रवारी सकाळी वर्गात शिरलो तर वैजंता वही उघडून बसली होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता.

"सर, मागच्या गुरुवारी दुरुस्तीवाले आले होते ना, ते दुपारी. तेव्हाही पडलंच होतं."

"बरं मग?"

"म्हणजे फक्त गुरुवारी दुपारी सुधारत नाही. मी विचार केला, आपल्या शाळेत गुरुवारी काय वेगळं असतं?"

"खेळाचा तास," एकजण म्हणाला.

"तो मंगळवारीपण असतो."

"बाजार?"

"बाजार शनिवारी." वैजंतानं वही मिटली. मग चाचरत म्हणाली, "मला एकच सापडलं. गुरुवारी गेनूमामा जेवत नाहीत."

वर्ग खदखदून हसला. "मामांचा उपास आणि मशीन उपाशी!" इलाही ओरडला.

मला हसू आलं नाही. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की, निरीक्षण विचित्र वाटलं म्हणून टाकून द्यायचं नसतं.

"मामा जेवायला कुठं बसतात?" मी विचारलं.

"मागं, भिंतीच्या सावलीला."

दीडची घंटा झाली. आम्ही तिघं, मी, वैजंता आणि इलाही, कॉम्प्युटरच्या खोलीच्या मागच्या खिडकीत उभे राहिलो. गेनूमामा आले. भिंतीला टेकून बसले, फडकं सोडलं. भाकरी, खरडा, कांदा. सावकाश जेवले. मग घरून आणलेला पितळी तांब्या उचलला, त्यातलं निम्मं पाणी प्यायले. उरलेलं घेऊन ते त्या चपट्या दगडापाशी गेले. दगड बाजूला सरकवला. त्या जागेवर वाकून हात धुतले आणि तांब्यात राहिलेलं सगळं पाणी अलगद, थेंबही बाहेर न सांडता, खाली ओतलं. दगड पुन्हा जागेवर. वर दोन बोटं टेकवून कपाळाला लावली.

इलाही पळत गेला आणि टेबलावरचा टेस्टर घेऊन आला. "सर, बघा ना! बघा ना लगेच!"

मला बघायची गरज नव्हती. मी खिडकीतून वाकून खालच्या भिंतीकडं बघत होतो. दगडापासून वीतभर वर, चुन्याच्या पोपड्याखालून, एक गंजकी पट्टी भिंतीत शिरत होती. भिंतीच्या बरोबर आतल्या अंगाला कॉम्प्युटरचं सॉकेट होतं.

मी शाळेच्या मागं गेलो.

"मामा, तो दगड जरा काढता का?"

मामा गडबडून उभे राहिले. "सर, शाळंचं पानी न्हवं ह्ये. आईशपथ. माझ्या घरचं हाय. तुमी शाळंचं नगं म्हनला, तवापासनं एक थेंब..."

"मला माहीत आहे, मामा. दगड काढा."

दगडाखाली लोखंडी पाइपाचं तोंड होतं, त्यावर पत्र्याचं नरसाळं बसवलेलं. पाइपाला ती पट्टी आवळलेली. भोवती कोळशाची काळी कड दिसत होती. अर्थिंगचा खड्डा. खाली पत्रा, त्याभोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी घालायला पाइप. जमीन ओली राहिली तरच वीज तिच्यात उतरते. ही आकृती मी फळ्यावर पंचवीस वर्षं काढत आलो होतो. रंगीत खडूनं. भाग दाखवून.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मशीन बसवाय मिरजंचा वायरमन आलता, सर. जाताना मला म्हनला, 'मामा, ह्या दगडाखाली मशिनीचं मूळ हाय. आपली जमीन कोरडी. झाडागत रोज एक बादली घालायची, नायतर मशीन माणसाला चावंल.' म्या तवापासनं घालतो."

"आणि हळदी-कुंकू?"

"खंडेनवमीला समद्या हत्याराला लावतो की. घंटंला, कुदळीला, मशिनीला." त्यांनी दगडाकडं बोट केलं. "मंग ह्येला का न्हाय? ह्यो बी मशिनीचाच भाग हाय न्हवं?"

वैजंता आणि इलाही माझ्यामागं उभे होते. मी मान वळवली नाही.

"तुम्ही जानेवारीत हे मला का नाही सांगितलंत?"

मामांनी पटका नीट केला. मग म्हणाले, "सांगत हुतो, सर. पर पोरं हसाय लागली न् तुमी हात वर केला."

शनिवारी सकाळची शाळा. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. माझ्या घरच्या वाट्याच्या पाण्यातली एक बादली मी फडकं बांधून सायकलला अडकवली आणि चालत शाळेत आणली. वाटेत दोघांनी विचारलं, गुरुजी, पाणी घेऊन कुठं? मी म्हणालो, शाळेत तहानलेलं कुणीतरी आहे.

परिपाठ झाल्यावर सातवीच्या मुलांना व्हरांड्यात खिडकीबाहेर उभं केलं. खोलीतल्या सगळ्या पिना काढल्या. चाळीसचा एक बल्ब, होल्डरला दोन वायरी. एक टोक सॉकेटच्या वीज येणाऱ्या वायरीला, दुसरं त्या हिरवीला.

"अर्थिंग चांगली असेल तर हा दिवा घरच्यासारखा पेटेल," मी सांगितलं. "बघा."

बटण दाबलं. बल्बातली तार विझत्या विडीसारखी लालसर दिसली, बस्स. मी बटण बंद केलं, वायरी सोडवल्या.

"आता मामा."

गेनूमामांनी बादली दोन्ही हातांनी धरली. मीठ मी घरून आणलं होतं. ते त्यांनी मुठीमुठीनं नरसाळ्यात सोडलं. मग पाणी. ते थोडं ओतायचे, थांबायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा ओतायचे. सात वर्षांचा हात होता तो. बादली रिकामी व्हायला दहा मिनिटं लागली. मग आणखी अर्धा तास आम्ही नुसते थांबलो. मुलांना मी जमिनीवर बसवून विचारलं, कोरडी माती वीज का घेत नाही? खारट पाणी का घेतं? एरवी मला उत्तराची घाई असते. त्या दिवशी नव्हती.

सगळ्यांना खड्ड्यापासून लांब केलं, वायरी पुन्हा जोडल्या, बटण दाबलं.

बल्ब लख्ख पेटला. पिवळा, भरलेला, घरच्यासारखा. खिडकीतून एकदम आवाज उठला, आणि इलाहीनं पुकारा केला, "शनिवार! सकाळी साडेनऊ! दिवा लख्ख, मशीन पास!"

"अजून पास नाही झालं," मागून आवाज आला. कुंभार बाई केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. "लावा यंत्र."

मी बल्ब काढला, कॉम्प्युटर जोडला, चालू केला. हार्डडिस्क कटकटली. टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. प्रिंटर सुरू केला, तो किरकिरत एक ओळ छापून गेला. पडदा हलला नाही.

"सरका," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला पायांत आहेत याची खात्री केली, पालथा हात पुढं केला आणि पेटीला लावला. मग तळवा लावला. मग दोन्ही तळवे, एखाद्या पोराच्या अंगात ताप आहे का बघावं तसे.

"टेम्पोवाल्याला सांगा, फक्त बाक आहेत म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि लिगाडे सर, रोज बादलीभर पाणी आणणार कुठनं? तुमच्या सायकलवरनं?"

"बाई, पोरं डबा खाल्ल्यावर हात धुतात ते मैदानात," वैजंता मध्येच म्हणाली. "ते आम्ही इथं धुवू. दोनशे पोरांचे चारशे हात."

बाईंनी एकदा तिच्याकडं, एकदा गेनूमामांकडं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यांच्या बाबतीत याचा अर्थ होकार असतो.

आता माझं एक काम उरलं होतं. शाळा सुटायच्या आधी शेवटच्या तासाला मी सगळ्या वर्गांना मैदानात बसवलं. जानेवारीत जिथं उभा होतो तिथंच उभा राहिलो. गेनूमामा घंटेजवळ त्यांच्या नेहमीच्या जागी होते.

"मुलांनो," मी म्हणालो, "जानेवारीत मी इथं उभा राहून तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. त्या दगडाची. तेव्हा तुम्ही हसला होतात, कारण मी तसं बोललो होतो. त्या दिवशी मी गेनूमामांना..."

ठण्ण!

घंटेचा टोल पडला. मग दुसरा, तिसरा. शाळा सुटल्याची लांब घंटा. मुलं उठली, दप्तरं उचलून फाटकाकडं धावली. मी घड्याळ पाहिलं. अजून सहा मिनिटं बाकी होती.

मामांच्या हातात हातोडी होती. ते माझ्याकडं बघत नव्हते. रुळाचा तुकडा हलायचा थांबावा म्हणून त्याला हात लावून उभे होते.

मी जवळ गेलो. "मामा, सहा मिनिटं आधी वाजवलीत."

"व्हय का?" ते म्हणाले. "चुकली आसंल. मानूस चुकतं, सर."

कुरणवाडीतल्या सगळ्या दुकानांची घड्याळं त्या दिवशी सहा मिनिटं पुढं गेली.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत परतलो तेव्हा वैजंता थांबली होती. मधल्या त्या बारा दिवसांचे आकडे मीच टाकले होते; आजचा तिला स्वतः टाकायचा होता. बारा दिवसांनी पहिल्यांदा मी तिला स्टुलावर बसू दिलं. ती एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होती. तिचं झाल्यावर लगेच त्या सगळ्या नोंदीचा छापील गठ्ठा मी काढून घेतला. सात वर्षांची सगळी शून्यं आणि तिच्या भावाचे एकसष्ट मिलिमीटर आहेत त्यात. निवृत्त होताना शाळेतून मी तेवढीच एक वस्तू मागून आणली. आता नातवंडांच्या मित्रांना वीज शिकवायला बसलो की आधी तो गठ्ठा काढतो आणि शेवटचं पान दाखवतो. त्यावर त्या शनिवारची ओळ आहे.

पाऊस: शून्य. शेरा: शाळेच्या मागे एक बादली, गेनूमामा.